फायनलची आंघोळ

खुंटी बसवायची होती, एवढंच. अमरसिंह सरनोबत आजही शपथेवर सांगतो (त्याला कुणी शपथ घालत नाही, तरी सांगतो) की त्या दिवशी त्याच्या मनात न्हाणीबद्दल कसलाही वाईट विचार नव्हता. टॉवेल अडकवायची लाकडी खुंटी निखळली होती. ती परत बसवायला त्यानं हातोडीचा एक घाव घातला, आणि खुंटी आत जायच्या ऐवजी घमेलंभर गिलावा बाहेर आला.

घर त्याच्या आजोबांनी १९३४ साली बांधलेलं. शुक्रवार पेठेत, दगडी आणि अजून खणखणीत. सागवानी जिना, खिडक्यांना रंगीत काचा, आणि मागच्या बोळाला लागून ऐसपैस न्हाणी. तिला तांबडा कोबा, भिंतीही तांबड्या, मधोमध बसून आंघोळ करायला काळ्या दगडाची शिळा, कोपऱ्यात पाणी तापवायचा तांब्याचा बंब. खिडकी एकच, तीही इतकी उंच की तिच्यातून उजेड यायलाच कंटाळायचा. पुण्याहून आर्किटेक्चर शिकणारी पोरं येत, फोटो काढत आणि 'ऑथेंटिक' म्हणत. अमरसिंहला तो शब्द फार आवडायचा. पाटबंधारे खात्यात आवक-जावकच्या टेबलाला बसणाऱ्या माणसाला कुणी ऑथेंटिक म्हणत नाही; निदान त्याच्या न्हाणीला म्हणत होते.

त्याच्या बायकोला, संयोगिताला, या शब्दाचा अर्थ वेगळा लागला होता. ज्यात म्हणणाऱ्याला स्वतः आंघोळ करायची नसते ते ऑथेंटिक, असं तिचं मत होतं.

पण न्हाणीचा खरा मान होता तो तालमीमुळं. बाहेरगावच्या माणसाला तालीम म्हटलं की लाल माती आणि कुस्ती आठवते. कोल्हापुरात तालीम म्हणजे फुटबॉलचा संघसुद्धा, आणि तो संघ म्हणजे पेठेची अब्रू. शुक्रवार पेठेची गरुड तालीम, जर्सी तांबडी-काळी. जर्सीवरून न्हाणीचा रंग घेतला की न्हाणीवरून जर्सीचा, याबद्दल जाणकारांत दोन गट आहेत. आजोबांच्या काळात गरुडचा गोलकीपर फायनलच्या सकाळी सरनोबतांच्या बंबातलं कढत पाणी अंगावर घेऊन गेला आणि तालमीनं पहिला चषक आणला. तेव्हापासून रिवाज पडला. फायनल असली की गोलकीपरची आंघोळ सरनोबतांच्या न्हाणीत. मागच्या बोळातून त्याला वाजतगाजत आणायचं. चषक नंतरही काही वेळा आला. नाही आला त्या वर्षी पंचाला दिसत नव्हतं.

आता यात एकच गोम होती. संयोगिता रविवार पेठेतली. तिथली तालीम रणझुंजार, जर्सी आकाशी-पांढरी, आणि तिचा सख्खा भाऊ सयाजी त्या तालमीचा सेक्रेटरी. पेठेनं आंतरजातीय लग्नं पचवली होती, एक आंतरराष्ट्रीयही पचवलं होतं. पण या आंतरतालमी लग्नाला दोन्हीकडची वडीलधारी मंडळी हाताची घडी घालून उभी राहिली होती. त्याला बावीस वर्षं झाली. मॅचच्या दिवशी दोघं घरात हवापाण्यावर बोलतात.

तर गिलावा पडला आणि चन्नाप्पा गवंडी आला. हा निपाणीकडचा. कामाला चोख, बोलायला मऊ, आणि त्याच्या तोंडी कायम एकच वाक्य.

"साहेब, आता पडलंच हाय तर सगळा गिलावा काढूया."

गिलावा काढल्यावर म्हणाला, "आता काढलंच हाय तर पाइपबी बदलूया." पाइप काढताना कोब्याला इथून तिथपर्यंत तडा गेला. "आता तडा गेलाच हाय तर..."

तो पुढं बोलायच्या आत संयोगिता चहाचा ट्रे घेऊन आली आणि म्हणाली, "टाइल्स बसवूया."

"टाइल्स?" अमरसिंहनं उचललेला कप परत ट्रेमध्ये ठेवला. "चौतीस सालच्या घरात?"

"घर चौतीस सालचं हाय. आंघोळ करणारी माणसं आजची हाईत."

"आजोबा काय म्हणतील वरनं?"

"त्यास्नी आता आंघोळ करायची न्हाय."

तीन दिवस वाद चालला. त्याला हवा होता तांबडा कोबा, पितळेचं घंगाळ आणि कोनाड्यात दिवा. तिला हवा होता शॉवर, गिझर, मोठा आरसा आणि आतून नीट लागणारी कडी. तो म्हणाला, शॉवरखाली उभं राहून आंघोळ करणं ही काय आंघोळ? पावसात सापडल्यासारखं वाटतं. ती म्हणाली, शिळेवर बसून आंघोळ करणं म्हणजे घसरायची तयारी. मधे चन्नाप्पा थापी घेऊन उभा, एकदा 'व्हय साहेब' आणि एकदा 'व्हय अक्का' म्हणत.

शेवटी तह झाला. बंब आणि शिळा जागच्या जागी राहतील; बाकी सगळं संयोगिताच्या मनासारखं. "रंगसुद्धा तुझ्या आवडीचा," अमरसिंह म्हणाला. हे त्यानं फार मोठ्या मनानं म्हटलं. मोठ्या मनानं म्हटलेलं बायका अगदी नीट ऐकून घेतात, हे एवढ्या संसारात त्याला कळायला हवं होतं.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसातल्या साहेबांनी त्याला कालव्याच्या जुन्या फायली लावायला आठ दिवस मलकापूरला पाठवलं. तिथं गेस्ट हाऊसमध्ये बादलीभर गार पाण्यानं आंघोळ करताना तो आपल्या बंबाची आठवण काढायचा. अशातच गरुड तालीम सेमीफायनल जिंकल्याची बातमी आली. फायनल रविवारी, समोर रणझुंजार. अमरसिंहनं गेस्ट हाऊसच्या खानसाम्याला आनंदानं मिठी मारली.

गुरुवारी संध्याकाळी तो घरी पोचला. संयोगितानं त्याला बूटसुद्धा काढू दिले नाहीत. हाताला धरून तिनं त्याला न्हाणीपाशी नेलं आणि दार उघडलं.

कमरेपर्यंत आकाशी. कमरेच्या वर पांढरं. पुन्हा छताजवळ आकाशी पट्टा.

बंब जागेवर होता, चिंचेनं घासून लख्ख केलेला. शिळाही होती. खिडकी मोठी करून तिला दुधी काच लावली होती आणि सगळ्या न्हाणीत ऊन पसरलं होतं. तहातलं एकही कलम मोडलेलं नव्हतं.

"कशी झालीया?" संयोगिता लहान मुलीसारखी त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"ही... ही रणझुंजारची जर्सी हाय," अमरसिंह म्हणाला.

"अगंबाई!" तिनं भिंतीकडं नव्यानं बघितलं. "व्हय की ओ!"

"मुद्दाम केलंस."

"समुद्राचा रंग म्हणून घेतला मी. दुकानात पाटीवर 'ओशन' लिवलं हुतं, 'रणझुंजार' न्हाय." तिच्या ओठाचा डावा कोपरा मात्र जरासा हलला. (ते हसू होतं की नाही, यावर अमरसिंहचा अभ्यास अजून चालू आहे.)

मग तो चन्नाप्पाकडं वळला. "तुला तरी कळाय नगं व्हय रं?"

"साहेब, आमच्याकडं कबड्डी असती," चन्नाप्पा म्हणाला, आणि थापी धुवायला निघून गेला.

"या न्हाणीत मी पाण्याचा थेंब अंगावर घेणार न्हाय!" अमरसिंहनं जाहीर केलं.

"नगा घेऊ," संयोगिता म्हणाली. तिचा चेहरा पडला होता, पण अमरसिंह तेव्हा भिंती बघत होता, चेहरे नाही.

शपथ घेणं सोपं होतं. अडचण शुक्रवारी सकाळी लक्षात आली. मे महिना, उकाडा असा की नुसतं बसलं तरी सदरा पाठीला चिकटावा, आणि आंघोळीला दुसरीकडं जायची सोय नाही. शेजारी गेलं तर विचारणार, घरात नवीकोरी न्हाणी असताना इथं का? तालमीच्या नळावर गेलं तर सगळी तालीम विचारणार. खरं सांगावं तर फायनल तोंडावर, आणि सरनोबतांच्या पवित्र न्हाणीला शत्रूची जर्सी चढलेली. पेठेनं त्याला उचलून रंकाळ्यात टाकलं असतं (त्यात निदान आंघोळ झाली असती). तेव्हा त्यानं पावडरचा अर्धा डबा अंगावर ओतला आणि ऑफिस गाठलं. दुपारपर्यंत आवक टेबलाची जावक दुसऱ्या खोलीत झाली होती.

शनिवारी सकाळी गरुड तालमीचे अध्यक्ष गणपतराव हजर झाले. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अठरा वर्षांचा.

"अमऱ्या, न्हाणी दाव. नवी केलीस म्हणं."

"काका, फरशी ओली हाय. पाय उमटंल."

"बंब हाय न्हवं जाग्यावर? मग झालं. उद्या नऊला राजवीरला घिऊन येतो. यंदा कप न्हेला न्हाय तर त्या रविवार पेठेच्या म्होरनं चालाय नगं आपल्याला." एवढं बोलून ते नाकाला रुमाल लावून दोन पावलं मागं सरले. "घरात उंदीर मेलाय काय रं? बघ जरा."

ते गेल्यावर संयोगिता पिशवी घेऊन बाहेर पडली. "माहेरी जाऊन येतो. उद्या सकाळी परत येतो." (कोल्हापुरात बायकासुद्धा 'येतो' म्हणतात, आणि म्हटल्याप्रमाणे येतात.)

घरात एकटा राहिल्यावर अमरसिंह परसातल्या तुळशीच्या कुंडीकडं बघत बसला. कुंडी गेरूनं रंगवलेली होती, तांबडीलाल. आणि त्याला वाटलं, आपण उगाच आवक-जावकला सडलो.

दुपारपर्यंत त्यानं चार किलो गेरू आणला, बादलीत कालवला आणि ब्रश घेऊन भिंतीला भिडला. टाइल गुळगुळीत, गेरू ओघळे; तो वाळवी, परत लावी. आकाशी सगळं तांबडं झालं, पांढरंही तांबडं झालं, आणि कोळशाची पूड कालवून काढलेला एक काळा पट्टाही जमला. पाच वाजता तो दारात उभा राहून बघत राहिला. हुबेहूब आजोबांची न्हाणी. आयुष्यात आपल्या हातून एक गोष्ट वेळेत पुरी झाली, या विचारानं त्याचे डोळे भरून आले. (गेरूही गेला असावा.)

रविवारी सकाळी बंब भडभडा पेटला होता. नऊच्या ठोक्याला हलगी घुमत बोळात आली. पुढं गणपतराव, मधे खांद्यावर टॉवेल टाकलेला सहा फुटी गोलकीपर राजवीर, मागं अख्खी पेठ. अमरसिंहनं बोळाकडचं दार उघडलं.

"व्वा!" गणपतरावांनी आत डोकावून बघितलं. "आज्जा आठवला बघ."

राजवीर आत गेला. दार लागलं. बाहेर हलगी थांबली, कारण पहिल्या तांब्याचा आवाज सगळ्यांनी ऐकायचा असा रिवाज आहे. पहिला तांब्या ऐकू आला. लोकांनी आरोळी ठोकली. दुसरा ऐकू आला, तिसरा ऐकू आला. बंबातल्या पाण्याची वाफ दाराच्या फटीतून बाहेर यायला लागली. आणि मग आतून गोलकीपरला न शोभणारी किंकाळी आली.

"काकाऽऽ! भिंत पाघळालीया!"

दार धाडकन उघडलं. कमरेला टॉवेल, केसांत साबण, आणि डोक्यापासून पायापर्यंत तांबडे ओघळ, अशा थाटात राजवीर बोळात आला. मागच्या दोन बायका घाबरून ओरडल्या. त्याच्यामागं वाफ हळूहळू विरली आणि भिंतीवरून गेरू सावकाश खाली उतरत असताना, सगळ्या शुक्रवार पेठेच्या डोळ्यांदेखत, आतून रणझुंजार तालीम बाहेर पडली.

हलगीवाल्यानं हलगी पाठीमागं लपवली.

"अरं, ते... ते आर्जेंटिना हाय!" अमरसिंह म्हणाला.

"मी ब्राझीलवाला हाय, काका!" राजवीर रडकुंडीला आला होता. "अर्धी आंघोळ त्यांच्यात केली की ओ मी! आता गोलपोस्टात हुबा कसा ऱ्हाऊ?"

आणि तो तसाच, कानात साबण घेऊन, बोळातून पळत सुटला. त्याच्यामागं पेठ पळाली. गणपतराव तेवढे मागं राहिले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच वयाला शोभेल असा निघाला.

"अमऱ्या, आज कप गेला, तर ह्या पेठेत तोंड दावू नगंस."

ते गेले आणि बोळाच्या दुसऱ्या टोकाकडून संयोगिता आली. तिनं नवऱ्याकडं बघितलं, न्हाणीकडं बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पदर खोचला, कुंचा घेतला आणि भिंत घासायला बसली.

"अगं, काय तर बोल," थोड्या वेळानं तो म्हणाला.

"बावीस वर्षं," ती भिंतीकडं बघतच म्हणाली. "बावीस वर्षं त्या अंधारात आंघोळ केली मी. कडी लागत न्हवती म्हणून दाराला बादली लावून. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्या शिळेवरनं घसरून हात मोडला, तवा तुमी म्हणालासा, शिळेला काय झालं न्हाय न्हवं? तुमच्या गोलकीपरांचा चिखल मी काढला, बंबाचा धूर मी खाल्ला. एकदा वाटलं, उजेडात आंघोळ करावी. त्यात तुमास्नी जर्सी दिसली."

शिळेबद्दल आपण तसं म्हणालो होतो हे अमरसिंहला चांगलं आठवत होतं, आणि तेव्हा ते विनोदी वाटलं होतं हेही. त्याला आपली मनापासून लाज वाटली. त्यानं दुसरा कुंचा घेतला आणि तिच्या शेजारी बसला. दुपारी साडेतीनपर्यंत दोघं घासत होती. एकेक टाइल निळी होत गेली, तसं खिडकीतलं ऊन टाइल्सवर चमकायला लागलं, आणि अमरसिंहला कबूल करावं लागलं की न्हाणी सुंदर आहे. त्यानं तसं बोलूनही दाखवलं.

"मग आता आंघोळ करा," ती जरा हसून म्हणाली.

"मॅच चारला हाय. आल्यावर करतो. ह्याच न्हाणीत, शॉवरखाली. शपथ मोडली समज."

शाहू स्टेडियम खच्चून भरलं होतं. तरीही अमरसिंह जिथं बसेल तिथं आजूबाजूला चार-पाच जागा मोकळ्या होत. पेठेनं आपल्याला वाळीत टाकलं, असं त्याला वाटलं. गुरुवारपासूनचा घाम, त्यावर पावडर, त्यावर गेरू आणि सगळ्यावर मे महिना, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. तो मान खाली घालून गॅलरीतून उतरला आणि राजवीरच्या गोलमागं, कुंपणाला टेकून एकटाच उभा राहिला.

मॅच बरोबरीत सुटली. टायब्रेकर त्याच गोलवर. संध्याकाळचा वारा सुटला होता, गोलमागून मैदानाकडं. रणझुंजारचा पहिला खेळाडू बॉल ठेवायला पुढं आला, थबकला, कसनुसं तोंड केलं आणि बॉल आकाशात मारला. दुसऱ्यानं डोळे मिटून मारला. तो कॉर्नर फ्लॅगकडं गेला. तिसरा तर बॉल ठेवून पंचाकडं काहीतरी तक्रार करायला गेला, परत आला आणि राजवीरच्या हातात अलगद देऊन मोकळा झाला. गरुडच्या पोरांनी तीन गोल पटापट मारले, कारण त्यांना तिथं जास्त वेळ थांबायचं नव्हतं.

कप आला! अमरसिंह एकटाच नाचला आणि धावतच घरी आला. त्यानं नवा टॉवेल घेतला, नवा साबण काढला. संयोगितानं गिझर लावला होता. माहेरची तालीम हरलेली असूनही तिनं त्याच्यासाठी उटणं काढून ठेवलं होतं. त्याचा पाय उंबऱ्यावर पडला, एवढ्यात बोळात हलगी कडाडली आणि गुलालानं माखलेले गणपतराव दारात उभे राहिले.

"थांब! पाण्याला हात लावू नगंस!"

"का ओ काका?"

"शेवटची आंघोळ कवा केलीस?"

"गुरुवारी सकाळी. मलकापुरात."

"बघा! मी म्हणालो न्हवं?" राजवीर पुढं आला (फार पुढं नाही). "मी सगळा टायब्रेकर तोंडानं श्वास घिऊन काढला, काका. आमाला सकाळपास्नं सवय हुती म्हणून निभावलं. ती पोरं कोलमडलीच!"

गणपतरावांनी हात वर केला. पेठ शांत झाली. "तालमीचा ठराव. एक, आजपास्नं गोलकीपरची आंघोळ बंद. ह्या न्हाणीत तालमीचं कुणी पाऊल ठेवणार न्हाय."

संयोगितानं दारातूनच हात जोडले. एवढी उजळलेली अमरसिंहनं तिला लग्नातही बघितली नव्हती.

"दोन, पुढचा चषक मंगळवारपास्नं सुरू हुतोय. अमरसिंह सरनोबत फायनल हुईस्तवर आंघोळ करणार न्हाईत."

"काका! फायनल कवा हाय?"

"पुढच्या म्हैन्याच्या वीस तारखेला," गणपतराव म्हणाले आणि टाळ्यांच्या गजरात त्यांनी हार त्याच्या गळ्यात लांबूनच फेकला.

अमरसिंहनं आशेनं बायकोकडं बघितलं. ती रविवार पेठेची मुलगी. ती तरी विरोध करेल.

"तालमीचा शब्द मोडायचा नसतो," संयोगिता गंभीरपणे म्हणाली. तिनं त्याच्या हातातला टॉवेल आणि साबण काढून घेतला, न्हाणीत गेली आणि आतून कडी लावली. शॉवर सुरू झाला.

"अगं, निदान हातपाय तरी धुऊ दे!" तो दाराबाहेरून ओरडला.

"गणपतकाकांस्नी इचारा!"

गणपतरावांनी तिथंच, बोळात, कमिटीची बैठक बोलावली. पाऊण तास चर्चा झाली. हात जेवणापुरते धुवायला हरकत नाही, पाय मात्र फायनलनंतर, असं बहुमतानं ठरलं.